टिलरचा आराखडा माझा

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी बायकोनं आणून दिली. म्हणाली, "दिवसभरात जे जे मला सांगावंसं वाटेल ते आधी यात लिहा. त्यातून काही उरलं तर मला सांगा." निवृत्त माणसाचा अनुभव वाया जाऊ नये असं तिलाही वाटतं, हे पाहून बरं वाटलं.

तर पहिली नोंद. मी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग विभागाचा सुपरवायझर होतो. सगळा जन्म यंत्रांशेजारी गेला. आता घरी असतो. घराच्या मागच्या बाजूला सूनबाईची रोपवाटिका आहे. रोपं, कुंड्या, खताची पोती, आणि कुंड्या ओढायला तिनं घेतलेला एक जुना बुटका ट्रॅक्टर. एवढासा, की त्यावर बसलं की माझे गुडघे कानांशी गप्पा मारतात. चिरंजीव नोकरीसाठी मोठ्या शहरात असतात. महिन्यातून एखादी चक्कर, फोन मात्र रोज.

आज सूनबाईनं भंगारातून एक टिलर आणला. टिलर म्हणजे माती भुसभुशीत करायचं यंत्र. लोखंडी टोपाखाली आडवा दांडा, दांड्यावर वाकडी पाती. दांडा गरगर फिरला की पाती माती उकरत जातात. पण हा टिलर कुठल्या तरी भलत्याच मशीनचा. आमच्या ट्रॅक्टरला मागे अवजार धरायच्या तीन जागा आहेत, खाली दोन लोखंडी हात आणि वर मधोमध एक दांडी. टिलरला धरायची जागा एकच. म्हणजे नवरा तीन हातांचा आणि नवरी एका कानाची.

मी म्हटलं, "हे लग्न जमणार नाही. परत करून ये."

ती म्हणाली, "पण बाबा, परवा तुम्हीच म्हणालात ना, ट्रॅक्टरच्या मागे काहीतरी जोडायला हवं म्हणून?"

मला आठवतंय त्याप्रमाणे मी 'ट्रॅक्टरच्या मागे कोणी उभं राहू नये' असं म्हणालो होतो. पण मुलगी खोटं कशाला बोलेल? आणि कल्पना चांगली आहे. म्हणजे माझीच असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाईनं माझी योजना मला नीट समजावून सांगितली. लोकांच्या परसात मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, फाटकातच अडकतो. आपला बुटका सहज शिरेल. टिलरनं जमीन खणून द्यायची आणि वर आपलीच रोपं लावून द्यायची. पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंशी ती बोलूनही आली आहे. शाळेमागची जागा महिनाअखेरीस खणून दाखवली आणि त्यांना पसंत पडली, तर शाळेची बाग कायमची आपल्याकडे. एवढं दूरदर्शी मी कधी बोललो कोण जाणे. कदाचित जेवताना.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. सूनबाई कुंड्यांमध्ये उभी राहून बोलत होती, फोन स्पीकरवर होता. चिरंजीव म्हणत होते, "किती दिवस हा खेळ चालवायचा? हा महिना बघ. नाही जमलं तर गाशा गुंडाळ."

माझ्याबद्दलच बोलत होते. बापानं या वयात यंत्रांशी खेळू नये असं मुलांना वाटतंच. सूनबाई काही बोलली नाही. माझी बाजू घ्यायला हरकत नव्हती. असो.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोजमापाला सुरुवात. ट्रॅक्टरच्या खालच्या दोन हातांमधलं अंतर मोजलं. सकाळी एक आलं, दुपारी दुसरंच. सूनबाई म्हणाली, "बाबा, ते हात सैल असतात. आत-बाहेर होतात." हे मला ठाऊक होतंच. मी हातांचा स्वभाव तपासत होतो.

मग तिनं टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक त्रिकोणी सांगाडा केला. खाली दोन भोकं, वर एक. असा सांगाडा लोखंडात करून टिलरच्या पाठीवर पक्का केला की झाली तिन्ही जागांची सोय. ती म्हणाली, "तुम्ही मघाशी हवेत बोटानं त्रिकोण काढलात, त्यावरून सुचलं."

मी मघाशी माशी हाकलत होतो. पण माणसाचं डोकं कधी कुठल्या वाटेनं काम करतं, सांगता येत नाही.

पुठ्ठा टिलरवर ठेवून बायकोला दाखवला. म्हणाली, "छान आहे. एवढ्यावरच थांबा, वजनाला हलका आहे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वेल्डरकडे गेलो. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. पत्र्याची शेड, दाराला जळक्या भोकांचा काळा पडदा, आत कापलेल्या लोखंडाचा वास आणि खुर्ची म्हणून उलटी ठेवलेली बादली. ठिणगी कामाचा पक्का, पण एक खोड आहे. बाई समोर असली की तो तिच्याशी न बोलता शेजारच्या पुरुषाशी बोलतो. पुरुष नसेल तर खांबाशी बोलतो. मागच्या वेळी सूनबाई एकटी आली होती, तेव्हा म्हणे त्यानं सगळा व्यवहार पंख्याकडे बघून केला.

आज मी होतो, त्यामुळे सोय झाली. "साहेब, जाडी किती घेऊ?" त्यानं विचारलं. त्याच्या पाठीमागे उभी राहून सूनबाई बोटं वर करत होती. केस सावरत असावी. पण तिची बोटं बघून मला अचानक आकडा आठवला. "साहेब, वरचं भोक सरळ रेषेत की मागे?" सूनबाईनं मान मागे टाकली. मान अवघडली असेल, दिवसभर ओणवी असते बिचारी. मी म्हटलं, "मागे. थोडं मागे."

ठिणगी खूश झाला. म्हणाला, "साहेब, तुम्ही लाइनमधले दिसता." मी म्हटलं, "पॅकिंग." तो म्हणाला, "तरीच."

घरी येताना सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून झालं." मी तिला सांगितलं की तूही निरीक्षण करत राहा, हळूहळू येईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगाडा आला. निळा रंग सूनबाईनं निवडला, त्यात मी ढवळाढवळ केली नाही.

टिलर ट्रॅक्टरला जोडला. तिन्ही खिळी बसल्या. मी सीटवर बसलो. मागचं अवजार उचलायचा एक दांडा असतो, तो ओढला की टिलर वर उचलला जातो. मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि दांडा ओढला.

टिलर जागचा हलला नाही. ट्रॅक्टरचं नाक वर गेलं.

हळूहळू, शांतपणे, पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उठली. आधी मला कुंपण दिसत होतं, मग शेजाऱ्यांची गच्ची दिसली, मग नुसतं आकाश. मी सुकाणू धरून उताणा पडलो होतो. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "कुठे निघालात?"

सूनबाईनं धावत येऊन दांडा खाली ढकलला. ट्रॅक्टर धाडकन आपटला. माझी जीभ चावली गेली. टिलर जड आणि ट्रॅक्टर हलका, म्हणून असं झालं. हे मी नंतर लिहितोय, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, पृथ्वी कलली.

चहा पिताना मी कारखान्यातली एक आठवण सांगितली. खोक्यांची हातगाडी मागच्या बाजूला जास्त भरली की उलटायची, मग आम्ही एका जाड्या हमालाला पुढे बसवायचो. सूनबाई कप खाली ठेवून म्हणाली, "पुढे वजन! बाबा, काय सुचलं तुम्हाला!" मी फक्त आठवण सांगत होतो, पण पुन्हा तेच. दोघींनीही माझ्याकडे पाहिलं. मग मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी बसणार नाही."

शेवटी रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये सिमेंट ओतून वजनं करायचं ठरलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सिमेंट वाळतंय. जीभ दुखतेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चिरंजीव आले. नाकापुढे सिमेंटचे चार डबे लटकवलेला ट्रॅक्टर पाहून त्यांनी त्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "हे काय आहे?"

सूनबाई काहीतरी सांगणार होती, पण मी पुढे होऊन सगळा प्रकल्प समजावला. योजना माझी, त्रिकोण माझा, वजनाची युक्ती माझी. हे सगळं सूनबाईनंच मला वेळोवेळी सांगितलेलं आहे, त्यामुळे साक्षीदारही हजर होता. चिरंजीव तिच्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे हे बाबांचं आहे? मला वाटलं तुझं काहीतरी चाललंय."

सूनबाई मातीचे हात पदराला पुसत राहिली.

"मग तिला यात कशाला अडकवता, बाबा?" ते मला म्हणाले. "तिनं तुमच्या छंदासाठी इथे राहायचं का?"

मी म्हटलं, "ती नसेल तर पाना कोण देणार?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी ते हसले. सूनबाई मात्र हसली नाही. बायकोनं माझ्या ताटात भाजी जरा जोरातच वाढली. नंतर नवरा-बायको खोलीत बोलत होते. दार बंद होतं. त्यातून मला सूनबाईचं एवढंच ऐकू आलं, "शाळेचं होईपर्यंत तरी थांब." पुढचं ऐकायला मी जवळ सरकलो तर बायकोनं कान धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच मला अंगणात नेलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीव परत जाताना मला वाकून नमस्कार करून म्हणाले, "तुम्ही आणि आईपण या ना तिकडे कधीतरी." कधीतरी जाईनही. पण आता प्रकल्प सोडून कसं जायचं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रॅक्टरच्या मागून एक फिरता दांडा येतो. तोच टिलरच्या मधल्या लोखंडी डब्यात, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, घुसतो आणि पाती फिरवतो. तो दांडा लांब पडत होता. ठिणगीनं कापून दिला. (पंख्याशी बोलणं पूर्ण बंद. आता सगळं माझ्याशी.)

दुपारी टिलर उचलून हवेत फिरवून पाहिला. सुंदर! पाती अशी गरगरली की वाऱ्यानं रोपं हलली. मला तर भरून आलं.

सूनबाई म्हणाली, "एकदा मातीत टेकवून बघायला हवा." पण आमच्या अंगणात तळहाताएवढी मोकळी माती नाही, सगळीकडे कुंड्या. त्या हलवायच्या म्हणजे एक अख्खा दिवस, आणि उद्या तिला रोपांच्या पिशव्या भरायच्या होत्या. परवा शाळा. ती बराच वेळ ओठ चावत उभी राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. तिथेच बघू."

मी म्हटलं, "हवेत फिरतो तो जमिनीत फिरणारच." हे वाक्य मात्र नक्की माझं होतं. तिनं ते मला आधी सांगितलं नव्हतं.

१ मार्च, शनिवार

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

शाळेमागचं मैदान. एका कडेला खणायची जागा, दुसऱ्या कडेला व्हॉलीबॉलचं जाळं. मुख्याध्यापिकाबाई, सहा-सात शिक्षक, शिपाई असे सगळे जाळ्यापुढे खुर्च्या टाकून बसलेले. बाई उंच, बारीक, चष्मा साखळीला बांधलेला. बघतात तेव्हा आपल्या वहीत काहीतरी चुकलंय असं वाटतं. सूनबाई चालवणार होती. पण प्रकल्प माझा, तेव्हा पहिला मान मी मागितला. तिनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि सीट दिली.

मी ट्रॅक्टर जागेवर नेला. दोन शब्द बोललो. पाती सुरू केली. टिलर खाली सोडला.

पाती जमिनीत शिरली नाहीत. टकटक करत वरच नाचायला लागली आणि ट्रॅक्टरला मागे ढकलायला लागली. मी पुढचा गिअर टाकलेला, म्हणजे चाकं पुढे ओढतायत, पाती मागे ढकलतायत, आणि मी मधे, दोन सासवांच्या घरातल्या सुनेसारखा. अशा वेळी डोकं शांत ठेवून निर्णय घ्यावा लागतो. मी क्लच दाबला.

हा निर्णय चुकीचा होता. क्लच दाबल्यावर चाकं मोकळी झाली आणि ट्रॅक्टर पात्यांवर स्वार होऊन उलटा धावत सुटला. मागे बघायला मान वळवली तर खुर्च्या दिसल्या. लगेच रिकाम्या खुर्च्या दिसल्या. इतक्या चपळाईनं उठणारा शिक्षकवर्ग मी कुठल्याच शाळेत पाहिला नाही. मुख्याध्यापिकाबाई तर एका उडीत जाळ्याच्या खांबामागे. टिलरनं दोन खुर्च्या उडवल्या, तो जाळ्यात शिरला आणि जाळं गुंडाळू लागला. एक खांब वाकला, दुसरा उखडला. मग पात्यांभोवती जाळ्याचा एक भलामोठा गोळा झाला, गुर्रर्र झालं, आणि इंजिन बंद पडलं.

कोणाला लागलं नाही. हे आधी लिहायला हवं होतं.

मुख्याध्यापिकाबाई वाकलेल्या खांबामागून बाहेर आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

सूनबाई पांढरीफटक पडली होती. तिनं तोंड उघडलं, पण मी ट्रॅक्टरवरून उतरलो आणि तिच्या पुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या. आराखडा माझा, मापं माझी, मातीत न टेकवता आणायचं तेही माझंच. ही पोर मला नुसती मदत करते. झाडांतलं तिला जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नाही. जाळं मी भरून देतो, खुर्च्या भरून देतो. काय बोलायचं ते मला बोला, तिला नको."

बाई मला बोलल्याच. चांगलंच बोलल्या. वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं. शेवटी म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत वाट बघते. तीही तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. नंतर दुसऱ्या कोणाला बोलावीन."

ट्रॅक्टर घरी आणताना सूनबाई सारखी माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

२ मार्च, रविवार

सकाळी बघतो तर माळ्यावरची मोठी बॅग खाली काढलेली, उघडी, त्यात सूनबाईचे कपडे. बॅगेला ऊन दाखवत असेल. पण कपड्यांसकट? बायकोला विचारलं तर ती सरळ गच्चीवर निघून गेली. माझ्यामुळे घरात सगळ्यांचीच मनं उतरली आहेत.

दुपारी सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली. जेवणाच्या टेबलावर ताटं तशीच होती. म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचंय. तो आराखडा तुमचा नव्हता."

"मग कोणाचा?"

"माझा. टिलर मी ठरवून आणला. पुठ्ठ्याचा सांगाडा माझा. ठिणगीकडचे आकडे माझे, मी मागून खुणा करत होते. मातीत न टेकवता न्यायचं ठरवलं तेही मी. तुम्ही नुसते खिडकीत बसून असायचात, मला वाटलं तुमचं मन रमेल. आणि तुमचं नाव पुढे केलं की कोणी अडवत नाही. म्हणून सगळं तुम्ही सुचवलंत असं म्हणायचे. काल तुम्ही सगळ्यांसमोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत."

केवढं मोठं मन! म्हातारा सासरा खचेल म्हणून ही पोर त्याचं अपयश स्वतःच्या पदरात घेत होती. कारखान्यात मी असं पाहिलं आहे. चांगली माणसं साहेबाची चूक आपली म्हणून सांगतात. पण मी हाताखालच्या माणसाला असं कधी करू दिलं नाही.

"बाळा," मी म्हटलं, "पुन्हा असं बोलायचं नाही."

"अहो, पण खरंच—"

"एक अक्षर नाही. चूक माझी. तुझं मन मला कळलं."

"बाबा, ऐका तरी! तुम्ही माशी मारत होतात! त्रिकोण वगैरे काही काढला नव्हता तुम्ही!"

"बघ, माझ्यासाठी तू किती बारीक विचार केलास."

तिनं सासूकडे पाहिलं. बायको दारात उभी होती. म्हणाली, "सोड ग. यांना पटवायचा नाद मी लग्नाच्या वर्षीच सोडला."

त्यावर सूनबाई एकदम हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. बायकोही हसत आणि रडत होती. बायकांचं हे मला कधी कळलं नाही. मीही थोडा हसलो, सोबत म्हणून.

३ मार्च, सोमवार

सकाळपासून मी आणि सूनबाई टिलरसमोर बसलो होतो. जाळं कात्रीनं कापून काढलं. तेव्हा कुठे उलगडा झाला. पाती वाकडी असतात, त्यांची धारेची बाजू आधी जमिनीत जायला हवी. आमची पाठीची बाजू आधी जात होती. हा टिलर ज्या मशीनचा, त्याचा दांडा आमच्या उलट्या दिशेनं फिरत असणार. ट्रॅक्टरचा दांडा काही दुसऱ्या दिशेनं फिरवता येत नाही. पाती काढून उलटी लावावीत तर बसत नाहीत. ठिणगीला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, नवीन टिलर घ्या."

सूनबाई तासभर डोकं धरून बसली होती. मला त्या लोखंडाचा असा काही संताप आला की मी उठून त्या गिअरबॉक्सला पायानं एक ठेवून दिली आणि ओरडलो, "उलटा फिरतोस ना? मग उलटंच बसवतो तुला! खाली डोकं वर पाय!"

पाय फार दुखला. मी लंगडत कट्ट्यावर जाऊन बसलो.

बघतो तर सूनबाई तोंड उघडं टाकून गिअरबॉक्सकडे बघतेय. एक हात वर, एक खाली, मनातल्या मनात काहीतरी फिरवतेय. मग ती किंचाळली, "बाबा!" आणि पाना घेऊन धावली. तिला एकदम काय सुचलं कोण जाणे. तो डबा तिनं सोडवला, वरची बाजू खाली करून पुन्हा बसवला. दोन्ही बाजूंची भोकं तशीच जुळली. तेलाचं झाकण खाली आलं आणि सगळं तेल माझ्या चपलेत गेलं, ते भोक ठिणगीनं येऊन बुजवलं. येताना तो कुरकुरत होता. आल्यावर त्यानं गिअरबॉक्सकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच थेट सूनबाईकडे पाहून म्हणाला, "ताई, हे भारी आहे."

"माझं नाही, बाबांचं आहे," ती म्हणाली.

मी हात जोडले. म्हटलं, "ठिणगी, यावेळी मी खोटं श्रेय घेणार नाही. मी नुसती लाथ मारली. डोकं तिचं."

"अहो बाबा, तुम्हीच म्हणालात उलटं बसवतो!"

"रागात बोललो ग. रागात माणूस काहीही बोलतो."

ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसली आणि इतकी हसली की ठिणगी घाबरून पंखा शोधायला लागला.

दुपारभर आम्ही कुंड्या हलवून एक चौकोन मोकळा केला आणि टिलर मातीत टेकवला. यावेळी पाती घपकन आत गेली.

बॅग पुन्हा माळ्यावर गेलेली दिसली. ऊन दाखवून झालं वाटतं.

६ मार्च, गुरुवार

शाळा. खुर्च्या यावेळी मैदानाच्या बाहेर, भिंतीपलीकडे. शिक्षक भिंतीवरून डोकावत होते. मुख्याध्यापिकाबाई एकट्या आत उभ्या, खांबाजवळ.

मी सूनबाईला म्हटलं, "तूच बस." ती बसली. टिलर खाली सोडला. आणि मागून माती अशी उसळून पडायला लागली, काळी, ओली, भुसभुशीत, की भिंतीवरच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं तुडवून दगड झालेली जमीन ती. एक पट्टा झाला, मग दुसरा. ती वळताना मागे बघत होती, ओठ दाबून, डोळे चमकवत. मी चपला काढून त्या मातीत मागोमाग चालत होतो. पाय घोट्यापर्यंत आत जात होते. खोली तपासायला कोणीतरी हवंच ना.

मुख्याध्यापिकाबाई खांब सोडून जवळ आल्या. वाकून एक मूठ माती उचलली, चुरली, वास घेतला. म्हणाल्या, "बागेचं काम तुमचं. सूनबाईंचं म्हणतेय मी, तुमचं नाही." मी म्हटलं, "बरोबरच आहे." जाळ्याचा विषय मात्र त्या विसरलेल्या नाहीत.

तेवढ्यात चिरंजीवांचा फोन माझ्या फोनवर आला, तिचा लागत नव्हता म्हणून. विचारलं, "झालं का तुमचं? काय झालं?" मी म्हटलं, "झालं! आणि ऐक, यातलं अवघड होतं ते तुझ्या बायकोनं केलंय. गिअरबॉक्स उलटा फिरत होता, सगळ्यांनी हात टेकले होते, ठिणगीनंसुद्धा. तिनं एका दुपारी सोडवलं. आत्ता ती चालवतेय. शाळेची बाग तिला मिळाली. मी नुसता मागून चालतोय."

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो केलं. मग तो हळूच म्हणाला, "तिला द्या."

ट्रॅक्टर थांबवून तिनं फोन घेतला. हात मातीनं भरलेले, म्हणून खांदा आणि कानाच्या मधे धरला. बराच वेळ ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "नाही. मी नाही येत. तू ये." पुन्हा ऐकलं. "हो, इथे. विचार करून सांग." आणि फोन मला परत देऊन तिसरा पट्टा सुरू केला.

चिरंजीवांना सुट्टी घेऊन बोलावलं वाटतं. बरं केलं. रोज फोनवर काय बोलणार, समोर आलं की कळतं.

घरी आल्या आल्या बायकोला हे सगळं सांगितलं. ती पुसत असलेलं ताट हातातच धरून ऐकत राहिली. मी विचारलं, "तो किती दिवसांसाठी येतोय, काही बोलली का तुला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत माझ्या पावलांची काळी रांग उमटली होती.

"ते नंतर," ती म्हणाली. "तुम्ही आधी पाय धुऊन या."